आपोआप पडणारा बर्फ

“हॅलो! हां, मैं वर्धा से बोल रहा हूं. वर्धा! नागपूर के बाजू में. हां, हां. मेरे को एक बात बताओ, तुम्हारे यहां बर्फ कितने बजे पडता है?”

पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. हेमराज भोयरांनी मोबाईल डाव्या कानावरून काढून उजव्या कानाला लावला. डावा कान केव्हाच कामातून गेला होता, पण तिकडेच आधी हात जायची सवय काही मोडत नव्हती.

“बजे नई? मतलब टाईमच नई उसका?”

अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या रुख्मिणीबाईंना हसू आवरेना. “तो का तुमचा कारखाना होये का जी? सांजच्याले डबे भरले न् दुसऱ्या दिवशी लादी काढली! आभायातून पडते तो. त्याले घड्याय कोण बांधून देईन?”

“तू चूप राह्य वं जराशी. लांबचा फोन हाय.”

“लांबचा हाय म्हून का? असे बोंबलून राह्यले का फोन नसता तरी त्याले आयकू गेलं असतं.”

हेमराजांनी फोन ठेवला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मांडीवरच्या वहीत लिहिलं : बर्फाची वेळ नक्की नाही.

वही त्यांनी कारखान्यातल्यासारखी आखली होती. तिथं दर तासाला टाकीचं तापमान आणि गॅसचा दाब लिहायचे. इथं जागेचं नाव, उंची, बर्फ, आवाज आणि लेकरांची सोय असे रकाने. आवाजाच्या रकान्याखाली दोनदा रेघ मारलेली. सगळं अडून बसलं होतं ते त्या रकान्याशी.

त्यांची लेक वर्षाली नागपूरला बँकेत. जावई निशांत तिथंच कॉलेजात शिकवायचे. नात ईरा दुसरीत. पोरगी हुशार, गोड, पण जन्मापासून तिला मोठा आवाज सोसत नसे. वरात दारावरून गेली की पलंगाखाली जाऊन बसे. गेल्या वर्षी हौसेनं तिला एका थंड हवेच्या ठिकाणी नेलं, तर हॉटेलच्या गच्चीवर तीन दिवस डीजे. पोर कानांवर हात घेऊन रडली आणि ताप घेऊन परत आली. यंदा तिनं टीव्हीवर बर्फावरून घसरणारी मुलं पाहिली आणि तेच धरून बसली. मग दिवाळीला आल्यावर वर्षालीनं तीन जागांची नावं बापाच्या हातात दिली होती.

“बाबा, डिसेंबरच्या सुट्टीत जाऊ. स्कीइंग पाह्यजे, पण जागा शांत पाह्यजे, न् लेकराची सोय पाह्यजे. मले न् तुमच्या जावयाले फोन करत बसाले वेळ नाई. तुम्हीच ठरवा. बर्फातलं तुमच्याएवढं कोणाले समजते?”

तिनं अर्ध्या गमतीनं म्हटलं होतं. वर आणखी म्हणाली, “न् तुम्ही दोघंही येऊन राह्यले. नाई म्हणाचं नाई.”

हेमराजांनी ते पुरत्या गंभीरपणानं घेतलं. का नाही घेणार? अडतीस वर्षं वर्ध्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात त्यांनी मशीन चालवलं होतं. मिठाच्या पाण्याची ती भलीमोठी टाकी, तिच्यात ओळीनं बुडवलेले पत्र्याचे उंच डबे, डब्यात गोडं पाणी. वर कॉम्प्रेसरचा पट्टा फिरायचा, धाड धाड धाड, दिवस नाही रात्र नाही. त्या आवाजानं त्यांचा डावा कान हळूहळू खाल्ला, जशी ओल भिंत खाते. उन्हाळ्यात सत्तेचाळीस डिग्रीत अख्खं वर्धा त्यांच्या दाराशी उभं असे. रसवंतीवाले, लग्नघरचे, मासळीवाले. ज्या घरी मयत झाली आहे आणि मुलगा दुरून यायचा आहे, त्या घरचा माणूस आला की हेमराज रांग थांबवून स्वतः टाकीवर चढत आणि आरपार दिसणारी, एकही बुडबुडा नसलेली लादी निवडून देत. त्या माणसाला ते कधी कळत नसे. कळायची गरजही नव्हती.

आणि वैशाखात लग्न होऊन आष्टीहून आलेल्या रुख्मिणीला तिसऱ्याच दिवशी सोडून ते कामावर गेले होते. सीझन होता. ती तेव्हा चुलीपुढं बसून म्हणाली होती, “सारे लोकं कुठी कुठी जातात. आपुनही एक डाव जाऊ ना.”

“जाऊ,” हेमराज म्हणाले होते, “जिथं बर्फ आपोआप पडते ना, तिथं जाऊ. मी काहीच करणार नाई. तुह्याजवळ बसून नुसता पाहीन.”

ते जाणं उन्हाळ्यात जमेना, कारण उन्हाळ्यात बर्फ लागे. हिवाळ्यात जमेना, कारण हिवाळ्यात मशीन खोलून दुरुस्ती असे. असं करता करता वर्षाली झाली, शिकली, सासरी गेली. ती लहान असताना कधी कारखान्यात येई. गॅसच्या गार पाइपावर पांढरी, भुसभुशीत साय धरलेली असे; ती नखानं खरवडून ती बापाच्या तळव्यावर ठेवी. हेमराजांनी हातात घेतलेला मऊ बर्फ तेवढाच. बाकी सगळा बर्फ दगडाच्या जातीचा, आकड्यानं ओढायचा.

बर्फाची वेळ विचारली होती ती पहिली जागा त्यांनी दुसऱ्या फोनला खोडली. तिथला माणूस अभिमानानं म्हणाला, न्यू इयरला पाच हजार माणूस असतं साहेब, नाचगाणं पहाटेपर्यंत. हेमराजांनी आवाजाच्या रकान्यात लिहिलं : बाजार.

राहिल्या दोन.

त्याआधी एक काम होतं. ते त्यांनी रुख्मिणीला न सांगता केलं. “बँकेत जाऊन येतो” म्हणून सायकल काढली आणि डॉक्टरकडं गेले. वीस वर्षांपूर्वी कारखान्यात बर्फ गोठवणाऱ्या गॅसची गळती झाली होती. ओलं फडकं तोंडाला बांधून आत शिरून व्हॉल्व्ह बंद केला तो हेमराजांनी. आतली चार माणसं बाहेर आली, कोणी मेलं नाही. पण त्यांच्या छातीत एक बारीक शिट्टी कायमची राहून गेली. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, कागद पाहिला, पुन्हा फुंकायला लावलं.

“सहा-साडेसहा हजार फुटांपर्यंत खुशाल जा भोयरजी. त्याच्या वर नाही. वर हवा पातळ असते. तुमची छाती इथल्याच हवेत कसंबसं भागवते.”

“एक-दोन दिवसांसाठी गेलं तर?”

“एका रात्रीसाठीही नाही.” डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहून त्याखाली सही केली.

हेमराजांनी कागद घडी करून खिशात ठेवला. घरी येऊन वही उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन नंबरची जागा, जाहिरातीतून उतरवलेली : उंची सहा हजार. बर्फाची हमी. शांत परिसर. लहान मुलांसाठी वेगळा उतार. रस्ता थेट दारापर्यंत.

“रुख्मिणी, जमलं वं!”

“काय जमलं?”

“सारंच जमलं.”

दोन दिवस घरात सण असल्यासारखं होतं. रुख्मिणीबाई बाजारातून लोकरीचे मोजे घेऊन आल्या, एक जोड स्वतःला, एक नवऱ्याला, आणि ऐन दुपारी ते पायात घालून घरभर फिरल्या. शेजारचे भैयाजी, निवृत्त पोस्टमन, रोज सकाळी चहाला येत. त्यांनी ते पाहिलं.

“काय वहिनी, घरातच बर्फ पडला का?”

“प्रॅक्टिस करून राह्यली भैयाजी! तिथं गेल्यावर पाय गारठले त हे मले सोडून बर्फच पाहत बसतीन.”

“हेमराजभाऊ, एक विचारू? जलमभर बर्फ काढला, आता पैसे देऊन बर्फच पाह्याले चालले? मी टपाल वाटलं, मी का पोस्ट हापिस पाह्याले जातो?”

“भैयाजी, तुम्ही चिठ्ठ्या वाटल्या. तुमच्या नावानं एखादी आलती का कधी?”

भैयाजी बशीतला चहा फुंकत राहिले.

तिसऱ्या दिवशी हेमराजांनी दोन नंबरच्या जागेला खोलीसाठी फोन लावला. मॅनेजर तरणा, बोलायला मिठ्ठास. शांतता आहे का, या प्रश्नावर तो म्हणाला, “सर, पिन ड्रॉप सायलेन्स.”

हेमराजांनी मोबाईल उजव्या कानावर घट्ट दाबला. त्याच्या बोलण्यामागं काहीतरी होतं. दूर, बारीक, एकसुरी. अडतीस वर्षं ज्या आवाजाच्या कुशीत ते जागले आणि झोपले, तो आवाज त्यांनी हजार कोसांवरून ओळखला. चार फेरे बरोबर, पाचव्याला जरासा अडखळणारा.

“भाईसाब, आपके कॉम्प्रेसर की बेअरिंग सुख गई है. ग्रीस मारो, नई तो पंधरा दिन में बैठेगी.”

मग मॅनेजर चाचरत म्हणाला, “आपको कैसे पता, सर?”

“वो छोडो. किसका है वो?”

“स्नो मशीन का, सर. ट्रायल चल रही है. ऊपर से अब इतनी नीचे बर्फ कहां गिरती है? हम लोग रात भर मशीन से फेंकते हैं, सुबह पूरा मैदान सफेद. गॅरंटी!”

हेमराजांनी फोन ठेवला. वहीतल्या ‘बर्फाची हमी’ या शब्दांकडं ते बराच वेळ पाहत बसले.

त्या दिवशी त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. मन मात्र जात्यासारखं फिरत राहिलं. मशीनचा तर मशीनचा, पांढरा तर दिसेल. रुख्मिणीला काय कळणार आहे? ती मोजे घालून त्यावर चालेल, हसेल, फोटो काढू म्हणेल. आपण तिच्या शेजारी असू. पण रात्रभर तो आवाज. ईरा उशीत डोकं खुपसून बसेल. आणि आपण जागे राहून पाचव्या फेऱ्याची वाट पाहू. इतक्या दूर जाऊन पुन्हा ड्यूटीवरच. शिवाय चुलीपुढं बसलेल्या त्या अठरा वर्षांच्या पोरीला आपण ‘आपोआप’ म्हटलं होतं. शब्द आपला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन नंबरला फोन लावला. उंची साडेनऊ हजार. रिसॉर्ट नावालाच, नेगी नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाचं लाकडी घर, सहा खोल्या, मागं देवदारांच्या आडोशानं उतार. नेगीजींची सून लहान मुलांना घसरायला शिकवी; चार वर्षांच्या पोरालाही होतील अशा पायाला बांधायच्या चिमुकल्या पट्ट्या तिच्याकडं होत्या. एका वेळी पाच-सहा मुलं, जास्त नाही. गाडी खाली गावात थांबायची, वर पायी यायचं.

“और आवाज? शोर?” हेमराजांनी विचारलं.

“शोर?” नेगीजी हसले. “एक मिनट रुकिए.”

दार उघडल्याचं ऐकू आलं. जोडे वाजले. मग काहीच नाही. हेमराजांनी थोडी वाट पाहिली, मोबाईल डोळ्यांसमोर धरून पाहिला, पुन्हा कानाला लावला.

“हॅलो? हॅलो! कट गया क्या?”

“नहीं साहब,” नेगीजींचा आवाज अगदी जवळून आला. “यही है.”

हेमराज खाटेवर बसले होते ते उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कानात अडतीस वर्षांची धडधड घेऊन हा माणूस उभा होता आणि त्या कानाशी कोणी तरी न बोलणारा अख्खा डोंगर आणून टेकवला होता. त्यांनी डोळे मिटले.

“सुन रहे हैं?” नेगीजींनी विचारलं.

“हां जी. सुन रहा हूं.” मग जरा थांबून, जिभेवर आलेलं गिळता गिळता, “नेगीजी, थोडा नीचे कुछ नई है क्या? ऐसाच, पर नीचे? छे-साडेछे हजार पर?”

“नीचे तो साहब, यही बारिश बन जाती है.”

वर्षालीचा फोन रविवारी आला. हेमराजांनी वही पुढ्यात घेतली आणि मशीनचं रीडिंग सांगावं तसं सांगितलं. “तीन नंबर घे. नेगीजी म्हणून हायेत. गाव चूप हाय. ईरासाठी सून हाय त्याची, शिकवते लेकरायले. मी बोललो तिच्यासंगही. आवाज न चढवता शिकवजो म्हटलं, त म्हणे आमच्याइथं कोणी चढवतच नाई.”

“मस्त! पाच जणांचं करू ना?”

“चौघांचं कर. मले मालकानं बोलावलं. मशीन खोलायची हाय डिसेंबरात.”

“बाबा! रिटायर होऊन चार वर्षं झाली ना जी तुम्हाले?”

“नव्या पोट्ट्याले त्या मशीनचं आंग माहीत नाई वं बाई. तुह्या मायले नेजो. तिची लय हौस हाय.”

वर्षाली रुसली, चिडली, मालकाला चार शब्द बोलली. शेवटी पुढल्या वर्षी ऐकणार नाही म्हणाली. रुख्मिणीबाई दारातच उभ्या होत्या. सगळ्या गोष्टीवर ज्यांचं तोंड चाले त्या बाई मुकाट आत गेल्या आणि भाकरीचं पीठ मळू लागल्या. हेमराजांना वाटलं, निभावलं.

निभावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करत होते तेव्हा रुख्मिणीबाई वही घेऊन समोर आल्या. चौथीपर्यंतच शिकल्या होत्या, पण आकडे त्यांना चांगले वाचता येत. वहीत घडी घातलेला डॉक्टरांचा कागद होता.

“हे काय होये?”

हेमराजांनी आरशातूनच पाहिलं. गालावर साबण तसाच.

“इथं लिहेल हाय साडेसहा. तिसऱ्या नंबरात लिहेल हाय साडेनऊ. अन् दोन नंबरात सहा.” त्यांनी बोट ठेवलं. “सहावर काट काऊन मारली? तिथं तुम्ही येऊ शकत होते.”

“तिथं मशीनचा बर्फ हाय.”

“मंग? आजवर मशीनच्याच बर्फाचं खाल्लं ना आपण? वर्षाली त्याच्यावरच शिकली. हे घर त्याच्यावरच उभं हाय. आताच कायले वाईट झाला तो?”

“वाईट नाई वं,” हेमराज म्हणाले. वस्तरा त्यांनी खाली ठेवला. “रातभर चालवतात. त्या पोरीले झोप लागणार नाई. न् तुले… तुले मी कोणता दाखवतो म्हटलं होतं?”

रुख्मिणीबाईंनी वही मिटली. त्या इतक्या हळू बोलल्या की हेमराजांना उजवा कान पुढं करावा लागला.

“मले तुमच्यासंगं पाह्याचा होता. कोणताही.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

“मी नाई जात,” त्या म्हणाल्या.

“असं नको करू. दोघंही राह्यलो त मंग पाह्यला कोणं? एकानं त पाह्याले पाह्यजे घरातल्या. तू पाह्य. न् मले येऊन सांगजो.”

“मले कुठी सांगता येते?”

“तुले?” हेमराजांच्या साबणाच्या गालाला खळी पडली. “बाजारातून कोथिंबीर आणली त तू तासभर सांगते.”

रुख्मिणीबाई हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तसाच लावून ठेवला. मग पुढं होऊन त्यांनी त्याच पदरानं नवऱ्याच्या गालावरचा वाळलेला साबण पुसला. “अर्धीच दाढी झाली,” म्हणाल्या. “करा पुरी. अन् वर्षालीले मी काही बोलत नाई. तुम्हाले एक खोटं बोलता आलं जलमात, ते तरी टिकू द्या.”

पुढचे दिवस तयारीत गेले. रुख्मिणीबाई तिळाचे लाडू बांधत, मेथीचे बांधत, ईरासाठी वेगळे, नेगीजींच्या सुनेसाठी वेगळे. ज्या बाईला त्यांनी पाहिलं नव्हतं तिच्यासाठी वर्ध्याची सरकीची ढेपही नेली असती, तिच्या घरी गाय आहे असं कळतं तर. बांधता बांधता आष्टीकडच्या जात्यावरच्या जुन्या चालीवर काहीबाही गुणगुणत. एकदा हेमराज पाणी प्यायला आत आले तेव्हा त्यांच्या उजव्या कानावर पडलं :

*डोंगराच्या माथी कोनं कापूस पिंजला,*
*पाह्याले मी निघाली, धनी दारात थांबला.*

ते पाणी न पिताच उलट्या पावली बाहेर आले. जात्यावरचं गाणं ज्याच्याबद्दल असतं त्यानं ते ऐकायचं नसतं.

वर्धा स्टेशनावर त्यांनी तिला नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. डिसेंबरचं कोवळं ऊन, आणि तिच्या अंगावर दोन स्वेटर. ट्रंकेत मावले नाहीत म्हणून घातलेले. घामानं कपाळ भिजलं होतं.

“हातात घेशीन त उघड्या हातानं घेजो,” हेमराज खिडकीशी वाकून म्हणाले. “मोज्यातून समजत नाई. न् पांढरा दिसला म्हून कच्चा समजू नको. आपल्याइथं पांढरी लादी कच्ची असते. तिथला पांढराच पक्का.”

“हो जी, मास्तर. अन् फ्रीजात डाळ ठेवली हाय, तीन दिवस तेच खात बसू नका. भैयाजीच्या घरून भाजी येईन. अन् शिट्टी वाजाले लागली छातीत त…”

गाडी हलली. पुढलं वाक्य गाडीबरोबर गेलं.

घर मोठं झालं. हेमराज सकाळी झाडांना पाणी घालत, खाटेवर बसून राहत. एकदा सायकल काढून कारखान्याकडून चक्कर मारून आले. मशीन खरंच बंद होतं. मालकानं कोणालाही बोलावलं नव्हतं. फाटकाशी उभं राहून त्यांनी नवीन ऑपरेटरला तेलाचं विचारलं आणि परत फिरले.

फोन रोज येत. आज पोचलो. आज गार हाय, पण पडला नाई. आज ईरा पट्ट्यांवर उभी राह्यली, पडली, हसली, पुन्हा उभी राह्यली. रात्री शांत झोपते, बाबा, वर्षाली म्हणे, घरी झोपत नाही इतकी. जुना बर्फ आहे जमिनीवर, पण नवा पडत नाही. नेगीजी म्हणतात, आज-उद्या. हेमराज म्हणत, “घाई नका करू त्याले.”

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ते अंगणात खाट टाकून बसले होते. ऊन चांगलं तापलं होतं. मोबाईल वाजला. चित्रासह. आधी रुख्मिणीबाईंचं नुसतं कपाळ दिसलं, मग मफलर, मग एक डोळा.

“दिसून राह्यलं का जी?”

“तू दिसून राह्यली.”

“मी नाई. हे, हे पाहा.”

मागून ईराचा आवाज आला, कुजबुजता, देवळात बोलावं तसा. “आजी, वर धर. वर, आभाळाकडे.”

चित्र गरगरलं. देवदाराचा शेंडा सरकला, लाकडी छपराची कड सरकली, आणि मग करडं आभाळ. त्या आभाळातून काहीतरी सुटून येत होतं. शेवरीच्या बोंडातला कापूस वाऱ्यावर निघावा तसं. घाई नाही, ओझं नाही, कोणाचा हुकूम नाही. एक आलं, मग तीन, मग मोजता येईनात. रुख्मिणीबाईंनी मोबाईल तसाच उंच धरून ठेवला होता. कण काचेवर येऊन बसू लागले. शेंडा पुसट झाला, आभाळ गेलं, आणि हळूहळू सगळा पडदा पांढरा होऊन गेला.

हेमराज हलले नाहीत.

फाटक वाजलं. भैयाजी चहाला आले होते. ते येऊन शेजारी खाटेवर टेकले आणि वाकून त्यांनी मोबाईलमध्ये पाहिलं. पांढरं. आणखी वाकले. तरी पांढरंच.

“बिघडला वाटते भाऊ. रेंज गेली.” त्यांनी बटण दाबायला बोट पुढं केलं.

हेमराजांनी हळूच त्यांचा हात बाजूला केला.

“राहू द्या भैयाजी. पडून राह्यला.”

भैयाजींनी एकदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा मोबाईलकडं. त्यांना काही उमगलं की नाही कोण जाणे. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोन्ही हातांनी ताणला, आणि त्या पांढऱ्या पडद्यावर ऊन पडू नये म्हणून वरून आडवा धरला.